अळीच्या वाट्याचा कढीपत्ता

‘डॉक्टर, आईंनी आता बागेत काम केले तर चालेल का?’ हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो. विचारणारा कधी मुलगा असतो, कधी सून, कधी जावईही; आणि ज्यांच्याविषयी विचारायचे त्या आई शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या असतात. प्रश्नामागे काळजी असते, यात शंका नाही. पडल्या तर? ऊन लागले तर? काही चावले तर? तरीही बहुतेक वेळा माझे उत्तर ‘चालेल’ असेच असते. आणि पुढचा प्रश्न मी थेट आईंना विचारतो, ‘कोणते झाड लावायचे म्हणता?’

गेली काही वर्षे या संवादात मी एक सूचना आवर्जून करत आलो आहे. फुलपाखरांसाठी झाडे लावा. गुलाबाची हौस दांडगी, पण त्याला फवारणी लागते आणि काटेही बोचतात. भाजीपाल्याला वाफे खणावे लागतात. हिरवळ कापावी लागते. फुलपाखरांची झुडपे मात्र काटक असतात, कुंडीतही राहतात, फवारणी तर त्यांना मुळीच चालत नाही. आणि त्यांची मुख्य मागणी एकच असते. कोणीतरी रोज येऊन त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहावे. वार्धक्यात शरीराची शक्ती उणावते, पण लक्षपूर्वक पाहण्याला लागणारा निवांतपणा मात्र हाताशी असतो. म्हणून हे काम ज्येष्ठांना शोभते, असे मला वाटते.

बसून राहण्याची किंमत

ज्येष्ठांना सांभाळणाऱ्यांच्या मनात ‘आराम’ या शब्दाला फार मान असतो. परंतु वाढत्या वयात स्नायू वापरले नाहीत की ते झपाट्याने क्षीण होतात. चार-सहा आठवडे खुर्ची आणि पलंग यांतच गेले, तर उठताना आधार शोधावा लागतो, पावले आखूड पडू लागतात; आणि ज्या पडण्याच्या भीतीने माणसाला बसवून ठेवले, ते पडणेच जवळ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व स्नायूंची ताकद राखणारे व्यायाम करावेत. कुंड्यांभोवतीची ये-जा, वाकणे, उठणे, झारी उचलणे या गोष्टी त्या हिशेबात थोडीफार भर घालतात. बागकाम हा व्यायामाला संपूर्ण पर्याय नव्हे. परंतु ज्याला ‘फिरायला जा’ म्हटले की कंटाळा येतो, तो माणूस ‘अळी किती मोठी झाली ते पाहू’ म्हणून आपण होऊन उठतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरा लाभ वेळेचा. फुलपाखरू उन्हाने अंग तापल्याशिवाय नीट उडू शकत नाही. सूर्य वर आल्यावर ते पानावर पंख पसरून बसते, उष्णता घेते आणि मग फुलांकडे वळते. साधारण साडेआठ ते अकरा ही त्यांची गजबजीची वेळ. ज्येष्ठांच्या दृष्टीनेही ही वेळ सोयीची आहे. सकाळची सांधेआखड तोवर सैल झालेली असते, न्याहारी आणि गोळ्या आटोपलेल्या असतात, अंगण वाळलेले असते आणि उन्हाचा कडाका अद्याप सुरू झालेला नसतो. सकाळच्या उजेडात काही काळ घालवल्याने झोपेचे चक्रही सुधारण्यास मदत होते. दुपारी पेंगणाऱ्या आणि रात्री टक्क जागणाऱ्या वृद्धांना याचा उपयोग होतो. मात्र कोवळे ऊन मिळते म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी परस्पर बंद करू नये.

दोन प्रकारची झाडे

फुलपाखरांच्या बागेत दोन प्रकारची झाडे लागतात, हे ध्यानात घेतले की निम्मे काम झाले. पहिला प्रकार मधाच्या झाडांचा. यांच्या फुलांतला मकरंद पिण्यासाठी फुलपाखरे येतात. दुसरा प्रकार अळीच्या अन्नाच्या झाडांचा. यांच्या पानांवर मादी अंडी घालते आणि अंड्यातून निघालेली अळी ती पाने खाऊन वाढते. फक्त पहिला प्रकार लावला तर फुलपाखरू पाहुणे म्हणून येते आणि निघून जाते. दुसरा लावला तर ते आपल्याच घरी जन्माला येते.

मधासाठी पेंटास, इक्झोरा, शंकासुर, झिनिया, कॉसमॉस आणि एकेरी पाकळ्यांचा झेंडू ही सर्वत्र सहज मिळणारी झाडे आहेत. झेंडू एकेरी घ्यावा असे म्हणण्याचे कारण असे, की गच्च भरलेल्या गेंदेदार फुलांत फुलपाखराच्या सोंडेला मकरंदापर्यंत पोहोचणे कठीण जाते. पेंटास हे तर ज्येष्ठांसाठी आदर्श झुडूप आहे. उंची गुडघ्याच्या आसपास, काटे नाहीत, जवळजवळ वर्षभर फुले आणि फांदी खोचली तरी नवे रोप तयार.

अळीसाठी पहिले झाड बहुतेक घरांत असतेच. कढीपत्ता. त्यावर आणि लिंबावर कॉमन मॉर्मन व लाइम ही फुलपाखरे अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते ब्लू मॉर्मन ऊर्फ नीलवंतही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. असा मान एखाद्या फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोची अळी पान पोखरत वाढते. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर येते. अंगण मोठे असेल तर सीताफळावर टेल्ड जे आणि बहाव्यावर एमिग्रंट जातीची पिवळसर फुलपाखरे हमखास दिसतात.

कढीपत्त्यावरचे निरीक्षण कसे करावे, तेही सांगतो. कोवळ्या पालवीवर मोहरीहूनही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे दिसते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. सुरुवातीला ती तपकिरी-पांढरी, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. हे तिचे संरक्षण असते. पुढे ती हिरवीगार होते आणि पानात लपून जाते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. तो माणसाला अपाय करत नाही. दोन-तीन आठवडे खाऊन झाल्यावर अळी देठाला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून घेते आणि तिचा कोष होतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण महिनाभरात पूर्ण होतो. ज्येष्ठांना महिनाभर पुरेल अशी ही कथा आहे आणि तिचा प्रत्येक दिवस वेगळा असतो.

‘बटरफ्लाय बुश’विषयी दोन शब्द

मुलांकडे इंग्लंड-अमेरिकेत काही महिने राहून आलेले वाचक विचारतात, की तिकडे ‘बटरफ्लाय बुश’ नावाचे जांभळ्या तुऱ्यांचे झुडूप पाहिले, ते इकडे लावता येईल का? ते झुडूप म्हणजे बडलिया. ते मूळचे चीनमधले आणि थंड हवेत रमणारे. त्याच्या गोड वासाच्या लांब तुऱ्यांवर फुलपाखरांची खरोखरच झुंबड उडते. नव्या फुटीवर फुले येत असल्याने हिवाळा सरताना ते फूट-दीड फूट उंचीवर छाटतात आणि बी पसरू नये म्हणून सुकलेले तुरे काढून टाकतात. ही दुसरी काळजी महत्त्वाची आहे, कारण त्याचे बारीक बी वाऱ्याने दूरवर जाते. इंग्लंडमध्ये रेल्वेमार्गांच्या कडेला आणि पडीक जागांवर ते मोकाट वाढलेले दिसते. शिवाय ते मध देते, पण तिथल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना त्याचे पान चालत नाही. मुलांच्या अंगणात असेल तर सुकलेले तुरे कापण्याचे काम आपल्याकडे अवश्य घ्यावे. इकडे आणण्याची मात्र गरज नाही. शोभेचे झाड म्हणून बाहेरून आलेल्या घाणेरीने आपल्या रानांत किती जागा व्यापली, हे आपण पाहतोच. आपल्या उष्ण हवेत ते काम पेंटास आणि इक्झोरा उत्तम करतात.

लागवड आणि निगा

लागवडीला मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यानंतरचा काळ उत्तम. बाल्कनीत मात्र कडक उन्हाळा वगळता केव्हाही सुरुवात करता येते. जागा अशी निवडावी, की रोज पाच-सहा तास ऊन मिळेल आणि वाऱ्याचा थेट झोत लागणार नाही. पेंटासला दहा-बारा इंची कुंडी पुरते; कढीपत्ता व लिंबू यांना किमान सोळा इंची हवी. निम्मी चांगली माती, पाव भाग कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि पाव भाग कोकोपीट असे मिश्रण हलके असते व पाणी धरून ठेवते. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे आहे ना, ते आधी पाहावे.

रोपवाटिकेतील रोपांवर बरेचदा कीटकनाशक फवारलेले असते. म्हणून आणलेले रोप दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून पाने अधूनमधून धुवावीत. नंतरची नवी पालवी अळीला निर्धोक असते. कढीपत्त्याचे शेंडे खुडत राहिले की कोवळी फूट येत राहते आणि मादीला अंडी घालण्यास तीच लागते. पेंटासचे वाळलेले गुच्छ काढावेत आणि फुलांचा बहर ओसरला की एक तृतीयांश छाटणी करावी. छाटणीपूर्वी प्रत्येक फांदी पाहून घ्यावी. एखाद्या काडीला कोष चिकटलेला असतो.

फवारणी कोणतीच नको. कडुनिंबाचे तेलही नको, कारण ते अळ्यांनाही मारते. जास्वंदीवर पांढरा ढेकण्या आला तर पाण्याच्या धारेने धुवावा वा जुन्या दात-ब्रशने काढावा. आणि पाने खाल्लेली दिसली की हळहळू नये. कढीपत्त्याची दोन रोपे लावून एक फोडणीसाठी, एक अळीसाठी, अशी वाटणी केली की घरात तंटा उरत नाही. फोडणीच्या झाडावर अळी सापडली तर ते पान अलगद तोडून अळीसह दुसऱ्या रोपावर ठेवावे.

फुलपाखरांना क्षारही लागतात. ते विशेषतः नर ओल्या मातीतून शोषून घेतात. त्यासाठी पसरट ताटलीत वाळू घालून ती ओली ठेवावी. वाळूवर पाणी तरंगता कामा नये. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामे डबे, झारीतले उरलेले पाणी आठवड्यातून एक ठरलेला दिवस धरून ओतून टाकावे आणि ताटल्या घासून काढाव्यात. अंडी कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतणे पुरेसे नाही.

शरीराची निगा

आता माझ्या विषयाकडे वळतो. बागेतील बहुतेक अपघात उकिडवे बसून एकदम उठताना होतात. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताना रक्तदाब क्षणभर घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाय सोपे आहेत. कुंड्या विटांवर वा लोखंडी स्टँडवर कमरेच्या उंचीला आणाव्यात. काम हाताच्या भक्कम खुर्चीवर बसून करावे. उठण्यापूर्वी पावले चार-पाच वेळा खाली-वर हलवावीत, मग आधार धरून उठावे आणि श्वास दोनदा घेऊन होईपर्यंत जागेवरच उभे राहावे. वारंवार अंधारी येत असेल तर ती ‘वयाची गोष्ट’ म्हणून सोडू नये. बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब तपासून घ्यावा.

पाणी घालताना बादली नको. दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलोचे ओझे, आणि तेही एका बाजूला. एक-दोन लिटरची झारी दोनदा भरावी; तेवढे चालणेही होते. पाण्याची नळी वाटेत पसरून ठेवू नये. शेवाळलेली फरशी आठवड्यातून एकदा खराट्याने घासून घ्यावी, आणि हे काम तरुणांनी करावे. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांना खालच्या भिंगातून पायरी अस्पष्ट दिसते. त्यांनी पायरीपाशी मान लववून वरच्या भिंगातून पाहावे.

मधुमेहींनी अनवाणी बागेत जाऊ नये. पायांची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतला तरी कळत नाही आणि आठ दिवसांनी जखम घेऊनच रुग्ण दवाखान्यात येतो. बंद, न घसरणारे जोडे घालावेत आणि परतल्यावर तळपाय आरशात पाहावेत वा कोणाकडून पाहून घ्यावेत. इन्शुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी न्याहारीआधी काम करू नये.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. आपल्या देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. आज जे सत्तरीत आहेत ते तेव्हा मोठे झालेले होते, आणि त्यांपैकी अनेकांचे, विशेषतः पुरुषांचे, लसीकरण कधी पूर्णच झालेले नसते. बागकाम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारा. लसीची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यायची असते. हातमोजे घालावेत, रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

उन्हाळ्यात दहाच्या आत परतावे, टोपी वा पदर डोक्यावर असावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. वृद्धांना तहान उशिरा जाणवते. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी ती मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. झुडपे भिंतीला चिकटून दाट वाढू देऊ नयेत. खालची हातभर जागा मोकळी आणि स्वच्छ ठेवली की साप-विंचवाला दडायला जागा उरत नाही.

विषारी झाडांची ओळख

फुलपाखरांच्या याद्यांमध्ये रुई आणि कण्हेर ही नावे हटकून असतात. ती चुकीची नाहीत. शनिवारी मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या रुईच्या पानांवरच प्लेन टायगरची अळी वाढते. रुईतले विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. कण्हेरीवर कॉमन क्रो अंडी घालते. तिचा कोष चांदीच्या दागिन्यासारखा चमकतो. पण जे अळीला पचते ते माणसाला पचत नाही.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन दृष्टी धूसर होते. बरेचदा फारसे दुखत नाही आणि म्हणून दुर्लक्ष होते. चीक गेल्यास डोळा तत्काळ वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांच्या सर्व भागांत हृदयाची गती बिघडवणारे विष असते. बिट्टीचे बी तर फार घातक. घाणेरीची हिरवी फळेही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण किंवा रांगते मूल आहे, त्या घरात ही झाडे लावूच नयेत. असे काही पोटात गेल्याचा संशय आला तर घरगुती उपाय करत बसू नये, ओकारी काढू नये. झाडाची फांदी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

अळ्यांविषयीही एक खुलासा. अंगभर दाट केस असलेला सुरवंट हा बहुधा पतंगाचा असतो. त्याचे केस त्वचेत रुतले की आग होते, गांधी उठतात. अशा वेळी चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढावी म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुवावे. डोळ्यात केस गेल्यास किंवा श्वास लागल्यास डॉक्टर गाठावेत. कढीपत्त्यावरची गुळगुळीत हिरवी अळी निरुपद्रवी असते. तरीही कोणत्याच अळीला हात न लावण्याचा नियम बरा; तो तिच्याही हिताचा आहे.

काम कोणाचे?

माझ्या एका रुग्णाची हकिकत थोडक्यात सांगतो. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी खोलीबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. मनाची उदासी होती, त्यासाठी औषध सुरू केले. त्यांच्या सुनेने एक गोष्ट केली. कढीपत्त्यावर अळ्या पाहून तिने सासऱ्यांना सांगितले, ‘बाबा, मला घाईत दिसत नाहीत हो, चुकून फोडणीत जातील. कोणती फांदी तोडायची ते रोज तुम्हीच सांगत जा.’ त्यांना रोज सकाळी झाडापाशी यावेच लागले. पुढच्या तपासणीला आले तेव्हा रक्तदाबाआधी त्यांनी मला हिशेब ऐकवला, ‘पाच होत्या, दोन बुलबुलाने नेल्या, तीन आहेत.’ त्या तिघींतून एकच फुलपाखरू निघाले. बागेने उदासी बरी केली असे मी म्हणणार नाही. औषध आणि काळ यांचाही त्यात वाटा होता. परंतु त्या महिन्यात त्या घरात त्यांचा शब्द रोज एकदा लागत होता. ते मात्र कोणत्याही गोळीने घडले नसते.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना माझे सांगणे एवढेच, की मदत करताना काम काढून घेऊ नका. कामाची वाटणी करा. कुंडी उचलणे, माती कालवणे, फरशी घासणे, उंच फांदी छाटणे हे तरुणांचे. काय लावायचे, कुठे ठेवायचे, कोणती फांदी राखायची हे ज्येष्ठांचे. झारी त्यांच्या हातून थोडी सांडली तर लगेच हिसकावून घेऊ नका. ते पाणी कुंडीतच जाते किंवा फरशी पुसता येते. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर असा. सावलीसारखे मागे उभे राहू नका. बागेत जाताना गळ्यात शिटी वा खिशात मोबाइल असावा, एवढी खबरदारी पुरते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी एकच काम, एकाच वेळी, एकाच झारीने, असा नेम ठेवावा. खताच्या गोळ्या, कात्री आणि औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात. ‘आठवते का, काल काय सांगितले?’ असे विचारू नये. ‘हे पाहा, इथे अळी आहे,’ असे म्हणावे. आजार यामुळे मागे हटत नाही, पण अस्वस्थतेच्या दुपारी पुष्कळदा थोड्या सौम्य जातात. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी उन्हाच्या खिडकीत ग्रिलला पेंटासची एक कुंडी लावावी आणि पलंगाचे डोके असे फिरवावे, की मान न वळवता ती दिसेल. फुलपाखरू रोज येईलच असे नाही. परंतु वाट पाहण्याजोगे काही समोर असणे, हे छताकडे पाहत पडून राहण्यापेक्षा बरे.

आणखी एक मुद्दा मनाच्या तयारीचा. घातलेल्या अंड्यांपैकी फार थोड्यांची फुलपाखरे होतात. मुंग्या, कोळी, पक्षी आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या आपापला वाटा नेतात. पहिल्या खेपेला काहीच हाती लागले नाही, तर झाड चुकले असे समजू नये. श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा काळ फुलपाखरांचा भरभराटीचा असतो. पालवी राखली तर मादी पुन्हा येते.

या पंधरवड्यात एवढेच करावे. कढीपत्त्याचे एक रोप, पेंटासचे एक रोप, एक लिटरची झारी, एक भक्कम खुर्ची आणि लसीविषयी डॉक्टरांना एक प्रश्न. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, अंडे दिसल्याची तारीख लिहावी आणि कोषाची तारीख आली की नातवंडांना कळवावे. कोष गडद होऊन आतल्या पंखांचे रंग दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची जरा लवकर मांडावी. न्याहारी आणि गोळ्या मात्र आधी घ्याव्यात.